सगळे ट्रॅक एकदम कापायचे कसे? भजनी मंडळाच्या रेकॉर्डिंगवरून समजून घेऊ

आठ इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडणारं यंत्र), पाच-सहा माईक आणि एक लॅपटॉप एवढं सामान असलं की तासगाव-विट्याकडच्या कुठल्याही गावात जाऊन भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग करून येता येतं. खरी फजिती होते ती घरी येऊन लॅपटॉप उघडल्यावर. पडद्यावर प्रत्येक माईकची एक अशा सहा पट्ट्या, म्हणजे ट्रॅक, दिसतात आणि नवा माणूस त्यातली एकेक घेऊन कापायला बसतो.

एकाच जागी, एकाच वेळी, अनेक माईकवर घेतलेलं गाणं कापताना आणि सांधताना सगळे ट्रॅक एकत्र कसे धरायचे, एवढंच इथे सांगणार आहे. ईक्यू (आवाजाचा जाड-बारीकपणा बदलणं), रिव्हर्ब (घुमणं) वगैरे नंतरचं काम. उदाहरणं रीपर या सॉफ्टवेअरची घेतली आहेत. ते 60 दिवस सगळ्या सोयींसह वापरून बघता येतं, घरगुती वापराचं लायसन्स 60 डॉलरला मिळतं आणि जुन्या लॅपटॉपवरही ते कुरकुर न करता चालतं. ऑडॅसिटी हे दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी खाली थोडं वेगळं लिहिलं आहे.

माईक सहा, पण आवाज सगळीकडे

समजा, देवळाच्या सभामंडपात बैठक आहे. मध्ये बुवा, त्यांच्यापुढे पेटी, उजव्या हाताला पखवाज, मागे अर्धगोलात टाळकरी. बुवांना एक माईक, पेटीला एक, पखवाजाच्या दोन पुड्यांना दोन आणि टाळकऱ्यांवर दोन. अभंग रंगात आलाय आणि दर्शनाला आलेल्या कुणीतरी घंटा वाजवली.

ही घंटा सहाही माईकमध्ये जाते. नवा माणूस बुवांच्या ट्रॅकवर तो तुकडा शोधतो, कापतो, उडवतो. ऐकून बघतो तर घंटा आहेच, कारण बाकीच्या पाच माईकनी ती उचललेली असते. मग बुवांच्या ट्रॅकवर पडलेली मोकळी जागा भरायला तो पुढचं गाणं मागे ओढतो, आणि तिथून पुढे बुवा पखवाजाला सोडून पळायला लागतात.

ही चूक निदान लगेच कळते. न कळणारी चूक बारीक असते. 20 अंश तापमानाला आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जवळपास 3 मिलिसेकंद. टाळकऱ्यांचा माईक पखवाजापासून तीन मीटरवर असेल तर पखवाजाचा ठोका तिथे सुमारे 9 मिलिसेकंद उशिरा पोचतो. हा फरक नैसर्गिक आहे, सभामंडपाचा मोकळेपणा ऐकू येतो तो त्यामुळेच. पण तुम्ही पखवाजाचा ट्रॅक एकटाच 20-30 मिलिसेकंद सरकवलात तर तोच ठोका दोनदा पडतो, एकदा त्याच्या स्वतःच्या माईकमधून आणि एकदा शेजारच्या. एखादाच मिलिसेकंद सरकला तर दोन ठोके ऐकू येत नाहीत, पण सारख्या पातळीचे दोन आवाज 1 मिलिसेकंदाच्या फरकाने मिसळले की 500, 1500, 2500 हर्ट्झच्या आसपासचा भाग एकमेकांना मारतो. मग पखवाज पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखा लागतो आणि माणूस ईक्यूची बटणं फिरवत बसतो. त्याने काही होत नाही, कारण दुखणं वेळेचं आहे.

म्हणून नियम असा: ज्या माईकनी एकमेकांचा आवाज ऐकलाय, त्यांचे ट्रॅक वेळेच्या बाबतीत एकच धरायचे. आवाज कमी-जास्त करायचा तर एकेकाचा करा. कापणं आणि सरकवणं मात्र सगळ्यांचं मिळून.

कापण्याआधी

रेकॉर्डिंग 48 किलोहर्ट्झ, 24 बिटवर घ्या. एका मोनो ट्रॅकला मिनिटाला 8.64 एमबी लागतात, सहा ट्रॅकला सुमारे 52. तासाभराचं भजन 3.1 जीबीच्या घरात जातं. एवढी जागा लॅपटॉपवर ठेवा आणि घरी आल्या आल्या सगळा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. रीपर मूळ वेव्ह फाइलला हात लावत नाही. तुम्ही पडद्यावर कापता ते फक्त कुठून कुठपर्यंत वाजवायचं याच्या खुणा असतात. तरी प्रोजेक्ट वेगळ्या नावाने सेव्ह करून मगच कात्री चालवा.

ट्रॅकना नावं द्या: बुवा, पेटी, पखवाज शाई, पखवाज कणीक, टाळ डावे, टाळ उजवे. ‘ट्रॅक 1’, ‘ट्रॅक 2’ असं ठेवलं की तासाभराने कुणाची पट्टी कुठली ते कळेनासं होतं.

रीपरमधलं स्नॅप, म्हणजे कापाला जवळच्या रेघेवर ओढणारी सोय, बंद करा (ऑल्ट-एस). पडद्यावरच्या उभ्या रेघा प्रोजेक्टच्या टेम्पोप्रमाणे आखलेल्या असतात आणि तो टेम्पो आपण काही सांगितलं नसेल तर 120 असतो. आपल्या पखवाजवाल्याचा त्या रेघांशी काडीचा संबंध नाही. स्नॅप चालू राहिलं तर प्रत्येक काप त्या रेघांकडे ओढला जातो.

काही जण दोन माईक इंटरफेसवर घेतात आणि तिसरा आवाज मोबाइलवर किंवा छोट्या रेकॉर्डरवर. तसं असेल तर सुरुवातीला आणि शेवटी सगळ्यांना ऐकू जाईल अशी एक खणखणीत टाळी वाजवून ठेवा. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत. दहा लाखांत 20 एवढाच फरक असला तरी तासाला 72 मिलिसेकंदांचं अंतर पडतं. पहिल्या टाळीवर जुळवलेलं शेवटच्या टाळीला सुटलेलं दिसलं, तर प्रत्येक अभंगाच्या सुरुवातीला नव्याने जुळवून घ्या. ग्रुप करायचा तो हे झाल्यावरच.

ग्रुप करणं

रीपरमध्ये रेकॉर्डिंगच्या प्रत्येक तुकड्याला आयटम म्हणतात. सहा ट्रॅकवर सलग रेकॉर्डिंग असेल तर सहा आयटम दिसतील. कंट्रोल-ए दाबून सगळे निवडा, मग जी दाबा. झाला ग्रुप. आता एकावर क्लिक केलं की सहाही निवडले जातात, एक ओढला की सहाही सरकतात, एकाची कड आत घेतली की सगळ्यांची येते. ग्रुप मोडायचा असेल तर निवडून यू दाबा.

एकच अभंग दोनदा म्हणून घेतला असेल तर कंट्रोल-ए करू नका. दोन्ही टेक एकाच ग्रुपमध्ये अडकतील आणि पहिला हलवला की दुसराही हलेल. पहिल्या टेकचे सहा निवडून जी, दुसऱ्याचे सहा निवडून पुन्हा जी.

आता कर्सर ठेवून एस दाबून बघा. सहाही ट्रॅक एका रेषेत चिरले जातात आणि चिरलेले उजवीकडचे तुकडे आपापसात ग्रुपमध्येच राहतात. मधला एखादाच भाग काढायचा असेल तर सगळ्यात वर वेळेचे आकडे असलेल्या पट्टीवर माऊस ओढून तेवढा वेळ निवडा आणि शिफ्ट-एस दाबा, दोन्ही टोकांना एकदम काप पडतो. हात बसला की ऑल्ट धरून माऊसच्या उजव्या बटणाने ट्रॅकवरून आडवं-उभं ओढायला शिका, याला रेझर एडिट म्हणतात. पण पहिल्या आठवड्यात जी आणि एस एवढ्यावर भागतं, आणि खरं तर पुढेही बहुतेक काम त्यांच्यावरच होतं.

कुठे कापायचं

पडद्यावरचा आकार बघून कापू नका. ताल मोजा. भजनी ठेका आठ मात्रांचा. काढायचं असेल ते पूर्ण आवर्तनांत काढा, समेपासून समेपर्यंत. साडेतीन आवर्तनं उडवली तर जोड कितीही सफाईदार असला तरी ऐकणाऱ्याचा हात टाळी चुकतो, आणि भजन ऐकणारी माणसं हाताने ताल धरूनच ऐकत असतात. मिनिटाला 120 मात्रांची लय असेल तर एक आवर्तन बरोबर 4 सेकंदांचं होतं. निवडलेल्या भागाची लांबी रीपर दाखवतंच, त्यावरून आपण पूर्ण आवर्तन धरलंय का ते लगेच पडताळता येतं.

काप समेच्या ठोक्याच्या जरा आधी घ्या. पखवाजाच्या शाईच्या ट्रॅकवर झूम केलं की ठोका उभ्या कड्यासारखा दिसतो, त्याच्या 5-10 मिलिसेकंद अलीकडे. ठोका जोराचा असतो, त्याच्या आड जोड लपून जातो. दोन्ही टोकांना हाच हिशोब ठेवा. अलीकडच्या टोकाला ठोक्याच्या 8 मिलिसेकंद आधी कापलं असेल तर पलीकडेही 8 मिलिसेकंद आधीच.

बुवांनी चरणाचा शेवट समेवरून पुढे ओढला असेल तर ती सम सोडून द्या आणि ते श्वास घेतात त्याच्या पुढची सम पकडा. पखवाजाला सोयीची जागा गळ्याला सोयीची असतेच असं नाही. दोन्हींत वाद आला तर गळ्याचं ऐका, पखवाजाचा जोड नंतर सांभाळता येतो.

आता घंटेचं. ती वाजली तेव्हा नुसताच ठेका आणि टाळ चालू असतील, तर ते आवर्तन सरळ काढून टाका. त्यासाठी वरच्या टूलबारवर रिपल एडिटिंगचं बटण आहे, ऑल्ट-पी ने ते बदलत जातं: बंद, फक्त त्याच ट्रॅकपुरतं, सगळ्या ट्रॅकसाठी. आपल्याला सगळ्या ट्रॅकचं हवं. ते लावून मधला तुकडा डिलीट केला की पुढचं सगळं गाणं एकदम मागे सरकून जोडलं जातं. मधला पर्याय, म्हणजे त्याच ट्रॅकपुरतं रिपल, असल्या रेकॉर्डिंगला घातक आहे. ग्रुप केलेलं नसताना तो चालू राहिला तर एकच पट्टी सरकते आणि बाकीच्या जागेवर राहतात.

काम झालं की रिपल बंद करायचं. चालू राहिलं तर एखाद्या अभंगाआधीची शांतता थोडी वाढवायला गेलात तरी पुढचं सगळं हलतं. हे ध्यानात येईपर्यंत आणखी वीस गोष्टी करून झालेल्या असतात, आणि कंट्रोल-झेड किती वेळा दाबायचं याचा पत्ता लागत नाही.

घंटा चरणावरच वाजली असेल तर

मग काढून चालत नाही, बदलावं लागतं. भजनात याची सोय असते, कारण धृपद पुन्हा पुन्हा येतं. तेच धृपद शक्यतो जवळच्या आवर्तनातून घ्या. दुसऱ्या टेकमधून आणायची पाळी शेवटी. कारण भजनाची लय चढत जाते आणि दहाव्या मिनिटाचं धृपद दुसऱ्या मिनिटाला चिकटवलं तर तेवढ्यापुरती मंडळी अचानक घाईला आल्यासारखी वाटतात. दुसरं कारण पखवाजाचं. डाव्या पुडीला लावलेली कणीक वाजवता वाजवता सुकते, वादक मध्येच पाण्याचा हात फिरवतो किंवा नवी कणीक लावतो, आणि त्या पुडीचा स्वर बदलतो. तासाच्या दोन टोकांचे तुकडे जोडले तर गाणं जुळतं पण घुमारा जुळत नाही.

करायचं असं. चांगलं आवर्तन शिफ्ट-एसने दोन्हीकडून कापा, कंट्रोल-सी. हे आवर्तन मूळ जागी तसंच राहू द्या, आपण फक्त नक्कल घेतोय. मग रिपल बंद ठेवून घंटेचं आवर्तन डिलीट करा, तिथे भोक पडेल. आता सर्वांत वरच्या ट्रॅकच्या नावावर क्लिक करा आणि मगच कंट्रोल-व्ही. हे क्लिक राहिलं तर रीपर तुम्ही शेवटी हात लावलेल्या ट्रॅकपासून खाली चिकटवत जातं आणि बुवांचा आवाज पेटीच्या पट्टीवर, पेटी पखवाजाच्या पट्टीवर असं एकेक घर घसरतं. नवशिक्यांचा निम्मा गोंधळ इथे होतो.

आणलेलं आवर्तन भोकात नेमकं बसणार नाही. जुनं 4.02 सेकंदांचं असेल तर नवं 3.95. समेचा ठोका जुन्या समेच्या जागी बसवा, मग सगळ्या ट्रॅकचं रिपल लावून पुढचं गाणं तेवढं मागे ओढून घ्या. तुकडा ताणून लांब करायचा मोह होतो, करू नका. ताणताना सॉफ्टवेअर प्रत्येक ट्रॅकवर वेगवेगळा हिशोब मांडतं आणि आपण सहा माईकमधलं जे नातं जपत आलो तेच बिघडतं. सत्तर मिलिसेकंदांनी आवर्तन आखूड झालं तर कुणाला कळत नाही. जिवंत वाजवणारी माणसं तेवढं मागेपुढे करतातच.

सांधा

ध्वनीची रेघ मध्येच तुटली की ‘टक्’ असा आवाज येतो. एकाच ट्रॅकला रेघ शून्यावर असते तिथे कापून हे टाळता येतं. पण सहा ट्रॅक एकाच क्षणी शून्यावर असतील अशी जागा सापडत नाही, शोधण्यात वेळ घालवू नका. क्रॉसफेड द्या. ऑटो-क्रॉसफेड चालू असेल (ऑल्ट-एक्सने चालू-बंद होतं) तर एका तुकड्याची कड दुसऱ्यावर थोडी ओढली की एक आवाज उतरत दुसरा चढत येतो. ग्रुप असल्यामुळे सहाही ट्रॅकवर तो एकाच जागी आणि एकाच लांबीचा पडतो. तसाच पडायला हवा.

लांबी कानाने ठरवा. ठोक्यापाशी 5 ते 15 मिलिसेकंद पुरे. त्याहून लांब केलं की दोन्ही तुकड्यांतले ठोके त्यात सापडतात आणि ठोका दुहेरी लागतो. पेटीचा स्वर किंवा लांबवलेला आकार यांवर जोड येत असेल तर 40 ते 100 पर्यंत जा.

जोड झाला की डोळे मिटून पाच सेकंद आधीपासून ऐका. पडदा बघत ऐकलं की काप दिसतो आणि दिसला म्हणून ऐकूही येतो.

मिरजेकडचं प्रकरण: तानपुरा

ख्यालाची बैठक रेकॉर्ड करायची असेल तर पखवाजापेक्षा तानपुरा जास्त छळतो. आपल्या सांगली जिल्ह्यात त्याच्यापासून सुटका नाही. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तिथल्या गायकाच्या मागे इलेक्ट्रॉनिक पेटीऐवजी खरा तानपुरा असण्याची शक्यता बरीच. तो गायकाच्या पाठीशी असल्याने त्याच्या माईकमध्ये भरपूर उतरतो आणि क्षणभरही थांबत नाही.

इथे तबल्याची सम पुरेशी नाही. तानपुऱ्याच्या चार तारांचा फेर असतो: पंचम, दोन जोड, खर्ज. काप खर्जानंतर घेतला तर पलीकडचं टोकही खर्जानंतरच हवं, नाहीतर फेर अडखळतो आणि गाणं न समजणाऱ्यालाही काहीतरी खटकतं. सम आणि खर्ज एकत्र जुळणारी जागा शोधायला वेळ लागतो. नाहीच सापडली तर लांब क्रॉसफेड देऊन बघा, आणि तेही पटत नसेल तर न कापता सोडून द्या. थोडं खोकणं राहिलेलं चालतं, तानपुरा तुटलेला चालत नाही.

ग्रुप कधी सोडायचा

काही कामं एकट्या ट्रॅकचीच असतात. पेटीवाल्याने वाजवत नसताना भाता आपटला, बुवांच्या माईकला हात लागून धप्प झालं. अशा वेळी यू दाबून ग्रुप मोडायची गरज नाही, ऑल्ट-शिफ्ट-जी ने ग्रुपचा अंमल तात्पुरता थांबतो. त्या एका ट्रॅकवर तेवढा तुकडा चिरून त्याचा आवाज खाली घ्या, दोन्हीकडे फेड द्या, आणि पुन्हा ऑल्ट-शिफ्ट-जी. तुकडा जागेवरून हलवायचा नाही, एवढं पथ्य. पूर्ण मुकाही करू नका. बुवांचा माईक गप्प केला की त्यातून येणारा सभामंडपाचा आवाजही जातो आणि त्या क्षणापुरतं देऊळ लहान होतं. 10-12 डेसिबल खाली घेतलं तरी भागतं.

पखवाजाच्या दोन माईकपैकी एकाचं पोलॅरिटीचं (ध्वनीची रेघ वरची खाली करणारं) बटण उलटं करून बघणं हेही एकट्या ट्रॅकचं काम. ज्या स्थितीत खर्ज भरीव लागतो ती ठेवा. वेळ न बदलता होणारा हा बदल आहे, त्यामुळे तो कधीही करता येतो.

आवाजाची चढउतार लिहून ठेवणारं ऑटोमेशन मात्र सगळी कापाकापी संपल्यावर. आधी केलंत आणि मग दोन आवर्तनं काढलीत, तर त्या खुणा गाण्याबरोबर सरकल्या का ते प्रत्येक ठिकाणी तपासत बसावं लागतं.

ऑडॅसिटी वापरत असाल तर

तिथे ट्रॅक्स मेनूत सिंक-लॉक ट्रॅक्स आहे, ते आधी चालू करा. मग एका ट्रॅकवर केलेली काटछाट बाकीच्यांची वेळ बिघडवत नाही, आणि निवडलेल्या भागात छोटी घड्याळं दिसतात त्यावरून लॉक चालू आहे हे कळतं. खुणा लिहायचा लेबल ट्रॅक सहा ट्रॅकच्या मधोमध टाकू नका, त्याच्या वरचे आणि खालचे ट्रॅक वेगळे गट समजले जातात. लेबल सगळ्यांच्या खाली ठेवा. काढून टाकण्यापुरतं काम ऑडॅसिटीत बरं होतं. सहा ट्रॅकवर सारखे क्रॉसफेड देण्याचं काम तिथे किचकट आहे. त्यामुळे बदलाबदली बरीच असेल तर रीपरच शिकून घ्या, असं माझं मत.

देण्याआधी

एक जोरदार ठोका शोधा, सहाही ट्रॅकवर झूम करा आणि पखवाजाच्या माईकपासून टाळांच्या माईकपर्यंतचं अंतर बघा. पहिल्या कापाआधी 9 मिलिसेकंद असेल तर शेवटच्या कापानंतरही 9 च हवं. कुठे बदललेलं दिसलं तर त्या दोन जागांच्या मधला एखादा काप ग्रुप न धरता झालाय. मग एकेक जोड तपासत मागे जा.

त्यानंतर मास्टर, म्हणजे सगळ्या ट्रॅकचा एकत्र आवाज, मोनो करून सगळं एकदा ऐका. मंडळ हे रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐकणार नाही. ते पहाटे काकड्याच्या वेळी देवळाच्या कर्ण्यावर लागणार, आणि कर्णा मोनोच असतो. स्टीरिओत दडलेला ट्रॅकचा सरकलेपणा तिथे उघडा पडतो. मोनोत पखवाज बारीक झाला किंवा बुवांचा आवाज मध्येच पोकळ वाटला तर तिथल्या कापावर परत जा. तसं काही नसेल तर 24 बिट वेव्ह स्वतःकडे ठेवा, आणि मंडळाला पेन ड्राइव्हवर एमपीथ्री द्या, प्रत्येक अभंगाची वेगळी फाइल करून, नावाआधी 01, 02 असे आकडे टाकून. आकडे नसले तर ध्वनिक्षेपकवाल्याचा प्लेअर त्या आपल्याच क्रमाने लावतो आणि आरती आधी होऊन बसते.